देणाऱ्याची फाईल

मी पुण्यात ट्रान्सप्लान्ट कोऑर्डिनेटर आहे. घरचे लोक आले की पहिला प्रश्न असतो, "पेशंट वाचेल ना?" देणाऱ्याचं काय, हे फार थोडे विचारतात. देणारी बहुधा आई, बायको नाहीतर बहीण असते, आणि ती स्वतः तर मुळीच विचारत नाही. म्हणून यकृत प्रत्यारोपणाचा इतिहास मी देणाऱ्याच्या बाजूने सांगते.

जिवंत माणसाच्या यकृताचा तुकडा दुसऱ्याला बसवण्याचा पहिला प्रयत्न डिसेंबर १९८८ मध्ये ब्राझीलमधल्या साओ पावलोत सिल्वानो राया यांनी केला. ज्या मुलाला तो बसवला, ते दगावलं. जुलै १९८९ मध्ये ब्रिस्बेनला रसेल स्ट्राँग यांनी एका जपानी आईच्या यकृताचा भाग तिच्या मुलाला बसवला, तो जगला.

त्याच वर्षी शिकागोच्या डॉक्टरांनी एक वेगळी गोष्ट केली. धडधाकट माणसाला धोक्यात घालणं कितपत योग्य, याची जाहीर चर्चा त्यांनी आधी वैद्यकीय नियतकालिकात केली आणि मगच सुरी उचलली. नोव्हेंबरमध्ये क्रिस्टोफ ब्रोल्श यांनी टेरी स्मिथ यांच्या यकृताचा भाग त्यांच्या २१ महिन्यांच्या अलिसाला बसवला. मुलगी वाचली. आईच्या प्लीहेला मात्र इजा झाली आणि ती काढावी लागली.

ही शस्त्रक्रिया खरी वाढली ती जपानमध्ये. तिथे मेंदूमृत व्यक्तीचे अवयव घेण्याचा कायदा १९९७ पर्यंत नव्हता, त्यामुळे घरच्या माणसाशिवाय इलाज नव्हता. १९९३ मध्ये मात्सुमोतोला सर्जन माकुउची यांनी मोठ्या माणसातही हे करून दाखवलं. पण मोठ्या शरीराला यकृताचा लहान डावा भाग अनेकदा अपुरा पडतो. मग उजवा भाग, म्हणजे जवळपास ६० टक्के यकृत, काढणं सुरू झालं आणि देणाऱ्याचा धोका वाढला. २००२ मध्ये न्यूयॉर्कला भावाला यकृत देणारा एक पत्रकार काही दिवसांतच गेला. २००३ मध्ये क्योतोला मुलीला यकृत देणारी आई गेली. उरलेलं यकृत तिला पुरलं नाही.

आज मागे किती यकृत उरेल हे सीटी स्कॅनवर मोजतात. साधारण ३० ते ३५ टक्क्यांच्या खाली जात नाहीत. यकृतात चरबी जास्त असेल तर देणाऱ्याला परत पाठवतात. राहिलेलं यकृत दोन-तीन महिन्यांत बरंचसं भरून येतं. तरी उजवा भाग देणाऱ्यांत हजारी दोन ते पाच जण दगावतात, असे अंदाज आहेत. पित्त गळणं, टाक्यांत पू होणं, पुढे हर्निया होणं हे त्याहून कितीतरी जास्त आढळतं. चांगल्या केंद्रांत घेणाऱ्यांपैकी दहातले सुमारे नऊ जण वर्षानंतरही हयात असतात.

भारतात पहिलं यश नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीत मिळालं. वडिलांनी आपल्या २० महिन्यांच्या मुलाला यकृताचा भाग दिला. तो मुलगा पुढे डॉक्टर झाला.

देणाऱ्याशी मी दार लावून एकांतात बोलते. "ताई, नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा, बाहेर कारण काय सांगायचं ते आम्ही बघू," हे वाक्य मी कधीच गाळत नाही.

तुमच्या घरावर ही वेळ आली, तर डॉक्टरांना विचारा: इथल्या दात्यांचं पुढे काय झालं? माझ्या माणसाची तपासणी किती वर्षं होणार? ज्या ठिकाणी याचं सरळ उत्तर मिळत नाही, तिथे सही करू नका.