ईथरनेट स्विचवरील पोर्टची मांडणी : एका जुन्या नियमाचा इतिहास

नेवासे येथील लाडमोड टेकाडावर डॉ. हसमुख सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली १९५४ ते १९५६ या काळात जे उत्खनन झाले, त्याचा वृत्तान्त १९६० साली प्रसिद्ध झाला. वस्तीचे थर एकावर एक रचलेले असले तरी मागाहून खणलेल्या खड्ड्यांमुळे खालच्या थरातील खापर वरच्या थरात येऊन पडते, हे पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. नेवाशासारख्या तालुक्याच्या गावी कचेरीच्या भिंतीवर जी स्विचची पेटी दिसते, तिच्या मांडणीतही अशी खापरे सापडतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ईथरनेटची कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात २२ मे १९७३ च्या टिपणात मांडली. त्या योजनेत सर्व यंत्रे एकाच तारेवर असत. एका वेळी एकानेच बोलावयाचे. दोघे एकदम बोलू लागल्यास टक्कर होई व दोघांनी थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करावयाचा. हीच ‘हाफ डुप्लेक्स’ रीत होय. १९९० साली ‘कल्पना’ या अमेरिकेतील कंपनीने ईथरनेट स्विच बाजारात आणला. (नाव आपल्याकडचेच, ही कंपनी १९९४ साली सिस्कोने विकत घेतली.) स्विचमुळे प्रत्येक यंत्रास स्वतंत्र तार मिळाली आणि बोलणे व ऐकणे एकाच वेळी करणे, म्हणजे ‘फुल डुप्लेक्स’, शक्य झाले. त्याचे मानक १९९७ सालचे.

तत्पूर्वीच, १९९५ साली, शंभर मेगाबिटांच्या मानकाबरोबर दोन्ही टोकांनी वेग व रीत आपसांत ठरविण्याची सोय आली. परंतु आरंभीच्या मानकाचा अर्थ निरनिराळ्या उत्पादकांनी निरनिराळा लावला. १९९८ च्या आवृत्तीत पुष्कळशी संदिग्धता दूर झाली. मधल्या काळात त्रासलेल्या व्यवस्थापकांनी आपला नियम केला : वाटाघाटीवर विसंबू नये, दोन्ही टोके हाताने ‘शंभर, फुल’ अशी बांधून टाकावी. त्या काळी हा नियम शहाणपणाचाच होता.

घोटाळा होतो तो एकच टोक बांधल्यास. बांधलेले टोक बहुधा वाटाघाट बंद करते. समोरच्या टोकास संकेताच्या स्वरूपावरून वेग ओळखता येतो, पण रीत ओळखता येत नाही. म्हणून मानकाप्रमाणे ते हाफ डुप्लेक्स धरते. मग एक बाजू मनास येईल तेव्हा बोलते आणि दुसरी त्यास टक्कर समजून आपले बोलणे अर्ध्यावर तोडते. हाफ बाजूच्या मोजणीत उशिराच्या टकरा वाढतात, फुल बाजूस तुटक्या चौकटी व तपासणीच्या चुका दिसतात. दिवा मात्र हिरवा असतो, लहानसा चाचणी-संदेश विनासायास जातो. मोठी फाइल पाठवू लागताच काम रखडते. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्यास ‘सर्व्हर डाऊन आहे’ असे उत्तर मिळते, तेव्हा त्यामागे कधी अशी एखादी ओळही असू शकते. आणि तो बिचारा दूरच्या सर्व्हरास दोष देऊन घरी जातो.

तांब्याच्या तारेवरील गिगाबिटचे मानक १९९९ साली आले व त्यात वाटाघाट सक्तीची झाली. जुन्या नियमाचे कारणच त्यामुळे सरले. नियम मात्र उरला, कारण नवा स्विच बसविताना जुन्याची मांडणी जशीच्या तशी उतरवून घेण्याची पद्धत आहे. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची जी योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली व जी पुढे भारतनेट म्हणून ओळखली जाऊ लागली, तिच्या टोकाशीही अखेर असाच एखादा पोर्ट असतो.

सामान्यतः दोन्ही टोके वाटाघाटीवर ठेवावी. जे जुने यंत्र वाटाघाट जाणत नाही त्याच्यापुरताच अपवाद करावा, आणि तेथे समोरचे टोकही तसेच बांधावे. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र दुसरीच अडचण आहे. मांडणीतील ओळीवर तारीख नसते, कारण नसते, आणि स्विच बदलला की जुनी प्रत पुसली जाते. लाडमोडला निदान माती तरी शिल्लक होती. कचेऱ्यांनी प्रत्येक बदलाची मुद्रित प्रत, तारीख व हेतू यांसह, दप्तरात लावून ठेवावी. पोर्टाशेजारी वर्णन लिहिण्याची सोय स्विचमध्ये असतेच. ती जागा बहुधा रिकामी सोडलेली आढळते.