पाण्यावरचा खबऱ्या

गळ मातीत टिकतो, त्याच्या दोऱ्यावर तरंगणारा तुकडा टिकत नाही. मोहेंजोदडो आणि हडप्पा इथल्या उत्खननांत तांब्याचे गळ निघाले. चार-साडेचार हजार वर्षं जमिनीत राहूनही त्यांचा आकडा ओळखू येतो, दोरा बांधायचं वरचं वेढंही ओळखू येतं. त्या दोऱ्यावर, पाण्याच्या पातळीशी, काय बांधलेलं असे हे मात्र कुठलाही खड्डा सांगणार नाही. मासा आमिषाला लागला की हलून, बुडून खबर देणारी ही वस्तू जगात सगळीकडे हाताशी असलेल्या हलक्या मालातून झाली: पिसाचा दांडा, झाडाची साल, लव्हाळ्याचं कांडं, भेंडाचा तुकडा. सगळाच कुजणारा माल. त्यामुळे तिची कुळकथा शोधायची तर दोनच ठिकाणं उरतात, जुनी पुस्तकं आणि तळ्याचा काठ.

काठाला नागपुरात तोटा नाही. गोंड राजांपासून भोसल्यांपर्यंत आणि पुढे इंग्रजांपर्यंत ज्याने त्याने या गावाला तळी दिली. जुम्मा तलाव, म्हणजे आजचा गांधीसागर, नाईक तलाव, सक्करदरा, सोनेगाव, भोसल्यांचा फुटाळा, शहराला पाणी पाजायला १८७० च्या सुमारास आकाराला आलेला अंबाझरी, पुढे गोरेवाडा. पूर्वेला भंडारा-गोंदियाकडे निघालं की कोहळी समाजाने बांधलेले माजी मालगुजारी तलाव सुरू होतात, ते संपतच नाहीत. या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या हक्क आणि हात चालला तो ढिवरांचा आणि भोयांचा. त्यांचं मुख्य हत्यार जाळं. गळ घेऊन बसणारे वेगळे: सुट्टीच्या दिवशी आलेला कुणी कारकून, रिटायर झालेला रेल्वेवाला, शाळा बुडवून आलेले पोट्टे. दुकानातून आणलेला लाल-पांढरा प्लॅस्टिकचा असो की घरी कापलेला थर्माकोलचा तुकडा असो, त्याला आता सगळेच फ्लोट म्हणतात. खेड्यात ज्वारीच्या धांड्याचा गाभाही चालतो. ज्या धांड्यांची पोरं बैलगाडी करतात, त्यातलंच एक कांडं.

पण फ्लोटचं पहिलं काम खबर देणं नव्हतं, ओझं वाहणं होतं. १९१३ साली कारेलियात, तेव्हाच्या फिनलंडमधल्या आंत्रेआ इथे, एका शेतकऱ्याच्या दलदलीच्या जमिनीत विलोच्या सालीच्या दोरांचं एक जाळं मिळालं. त्याचं वय सुमारे दहा हजार वर्षं. जाळ्याच्या खालच्या कडेचे दगड सापडले, आणि वरच्या कडेला बांधलेले पाइनच्या सालीचे तुकडेसुद्धा. दलदलीत हवा पोचत नाही म्हणून ते वाचले, एवढंच. दुसऱ्या शतकातला ग्रीक प्रवासी पौसानियस आर्केडियातल्या बुचाच्या ओकाबद्दल लिहितो, की याची साल इतकी हलकी की लोक तिचे नांगराला आणि जाळ्यांना तरंगते ठोकळे करतात. आपल्याकडे हेच काम भेंडाने आणि वाळक्या भोपळ्याने केलं. दोन भोपळे जोडून केलेल्या सांगडीवर माणूस नदी ओलांडे, तिथे जाळ्याची काय कथा! या सगळ्या वस्तू मोठ्या, भरपूर उचलणाऱ्या आणि स्वभावाने मुक्या. त्यांनी बुडू नये हीच त्यांच्याकडून अपेक्षा.

एका गळाच्या दोऱ्यावर बांधलेल्या तुकड्याकडून नेमकी उलट अपेक्षा असते. तो बुडायला हवा, आणि वेळेवर बुडायला हवा. उचलणाऱ्या वस्तूला सांगणारी करायची तर तिची उचलायची ताकद जवळजवळ सगळी काढून घ्यावी लागते. फ्लोटच्या इतिहासातली खरी उडी ही आहे.

ती केव्हा मारली गेली त्याचा एक जुना लेखी पुरावा चीनमधला. सोंग काळातला तत्त्वज्ञ शाओ योंग (१०११ ते १०७७) याच्या नावावर मच्छीमार आणि लाकूडतोड्या यांचा एक संवाद आहे. त्यात मच्छीमार सहा वस्तू मोजतो: काठी, दोरा, तरंगणारं, बुडवणारं, गळ आणि आमिष. यातली एक जरी नसली तरी मासा मिळायचा नाही, असं तो बजावतो. तरंगणारं आणि बुडवणारं यांची नावं त्याने शेजारी शेजारी घेतली आहेत. फ्लोट आणि शिसं एकमेकांना तोलून धरतात तेव्हाच खबर मिळते, हे त्याला पक्कं ठाऊक असणार.

त्यानंतर शंभर वर्षांच्या आत आपल्या दाराशी, कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारात, राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ रचला. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ शके १०५१ मधल्या त्याच्या जुन्या मराठी पदांसाठी माहीत असतो, आणि बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत तो तीन खंडांत छापलेला आहे. त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरण आहे. समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, कुणाला काय खाऊ घालून एका जागी जमवायचं, काठी आणि दोरा कसा असावा, लागलेला मासा कसा थकवायचा, हे सगळं त्यात राजाच्या करमणुकीच्या अंगाने आलं आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्यावर इंग्रजीत लिहिलं तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला त्याची दखल घ्यावीशी वाटली. इंग्रजी गळकरी मंडळी आपल्या ज्या आद्यग्रंथाचा अभिमान बाळगतात, त्याच्याहून हा साडेतीन शतकांनी जुना.

तो आद्यग्रंथ म्हणजे १४९६ साली विंकिन द वर्ड याने वेस्टमिन्स्टरला छापलेली पुस्तिका. ती डेम ज्युलियाना बर्नर्स या जोगिणीच्या नावावर खपते, पण तिनेच लिहिली याची कुणी खात्री देत नाही. फ्लोट कसा करायचा याची कृती मात्र तिथे अगदी हातात देऊन सांगितली आहे. चांगलं, बिनछिद्राचं बूच घ्या, तापलेल्या बारीक सळईने आरपार भोक पाडा, त्यात पिसाचा दांडा घट्ट बसवा. आकार दोऱ्याप्रमाणे. घोड्याच्या एका केसाचा दोरा असेल तर वाटाण्याएवढा, दोन केसांचा असेल तर शेंगेतल्या दाण्याएवढा, बारा केसांचा असेल तर अक्रोडाएवढा. गळकऱ्यांच्या पुढच्या पाचशे वर्षांच्या लिखाणात इतकी कामाची ओळ फार थोडी सापडेल.

सोमेश्वर काय, बर्नर्सबाई काय, यांच्यावरून फ्लोट हा रिकामटेकड्यांचा शोध वाटतो. एका गळाकडे तासभर बघत बसणं पोटासाठी राबणाऱ्याला परवडत नाही; तो रात्री शंभर गळांची दोरी टाकून घरी झोपेल, सकाळी येऊन ओढेल. हा तर्क मला बरेच दिवस पटत होता. तो मोडतो तो रसेल आणि हिरालाल यांच्या ग्रंथात. १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर त्यांनी चार खंड काढले, तेव्हा प्रांताची राजधानी नागपूर होती. ढीमरांच्या, म्हणजे ढिवरांच्या, प्रकरणात कामावरून पडलेल्या पोटशाखांची नावं येतात. शिंगाडा लावणारे सिंगाडिया, झिंगे धरणारे झिंगा आणि बांबूच्या गळाच्या काठीला बन्सी म्हणतात त्यावरून पडलेलं बन्सिया. सरकारी जातिवर्णनात साहेबी चष्मा भरपूर आहे, शिवाय ही नावं मुख्यतः हिंदी मुलखातली. तरी एका काठीवर आणि एका दोऱ्यावर पोट चालवणारे लोक इतके होते की त्यांची शाखाच झाली, एवढं त्यातून दिसतं. राजाच्या विनोदाची वस्तू कुणाच्या तरी रोजच्या भाकरीचीही होती.

साहेब लोक हिंदुस्थानात गळ घेऊन आले ते नद्यांतल्या महासिरासाठी. हेन्री सलिव्हन टॉमस या मद्रासकडच्या आयसीएसने १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ लिहिलं, त्यात महासिराचा थाट आहे. तळ्यांकडे तो नंतर वळला आणि त्यांच्यावर १८८७ मध्ये वेगळं पुस्तक काढलं. वाहत्या पाण्यात मासा दोरा ओढतो ते हाताला कळतं. तळ्याच्या स्थिर पाण्यात रोहू आमिष नुसतं चोखून सोडून देतो, हाताला पत्ता लागत नाही. म्हणजे तळ्याकडे वळलेल्या माणसाला फ्लोटवाचून गत्यंतर नाही.

नागपूरच्या तळ्यांतले तीन मासे घ्या. कतल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं, तो पाण्याच्या वरच्या थरात चरतो. त्याच्यासाठी गळ फ्लोटच्या खाली थोड्याच अंतरावर ठेवायचा. रोहू मधल्या थरातला. त्याचे ओठ मऊ, झालरीचे, त्यामुळे फ्लोट आधी थरथरतो, थांबतो, पुन्हा थरथरतो आणि मग तिरका सरकायला लागतो. घाईवाला थरथरीलाच काठी उचलतो आणि कणकेचा गोळा मोकळा परत येतो. तिसरा मृगळ, तळाशी चिखलात तोंड घालून खाणारा. त्याची खबर सगळ्यात गमतीची. शिशाचा मणी तळाला टेकलेला असतो, मृगळ खाली वाकून गोळा उचलतो आणि सरळ होतो. शिसं त्याच्याबरोबर उचललं जातं, फ्लोटवरचा भार एकदम कमी होतो, आणि फ्लोट बुडण्याऐवजी वर येऊन पाण्यावर आडवा पडतो. बुडेल म्हणून वाट बघणारा नवशिका बघतच राहतो. खेकडे असले तर फ्लोट नुसता नाचतो, अर्धा तास नाचतो, हाती काही लागत नाही. मरळीच्या मागे जाणारे तर बहुतेक फ्लोटच्या भानगडीत पडत नाहीत. बेडकावर ती अशी तुटून पडते की खबऱ्याची गरजच राहत नाही.

हे बारकावे दिसायचे तर फ्लोट पाण्याच्या वर जेमतेम टोकाएवढा राहायला हवा. शिसं चिमटीचिमटीने वाढवत न्यायचं, बुडायच्या बेतात आला की थांबायचं. या कामाला मोरपिसाचा दांडा नामी. आत भुसभुशीत गाभा, वजनाला काहीच नाही, आणि एका टोकाकडे आपसूक निमुळता. इंग्लंडातल्या फ्लोटच्या कारागिरांनी मोरपीस, साळिंदराचा काटा आणि पुढे सरकंड्याचं कांडं या तीन गोष्टींवर मोठं नाव कमावलं. सरकंडा म्हणजे उत्तर हिंदुस्थानातल्या नदीकाठचं उंच गवत, इंग्लंडात ते याच देशी नावाने विकलं गेलं. आपल्या रानातला कचरा तिकडे जाऊन, रंग आणि रोगण चढवून, डबीत बसून कारागिरी झाला. आता मोरपीस बाहेर पाठवायला बंदी आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मोराला पूर्ण संरक्षण दिलं, फक्त आपोआप गळलेली पिसाऱ्यातली पिसं देशात बाळगायची मुभा ठेवली. साळिंदर कायद्याच्या यादीत आहे, त्याच्या काट्याच्या नादी लागू नये.

मोरपिसाच्या काय, कुठल्याही फ्लोटला बंगालीत फातना म्हणतात. शोल्याचा, म्हणजे आपल्या भेंडाचा, फातनाही असतो. नागपूरला बंगाल तसा परका नाही. १८८७ मध्ये बेंगॉल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली, आणि त्याआधीपासून वकील, मास्तर, बाबू इथे येत होते. १९२३ साली नागपूर विद्यापीठ निघालं तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस झाले. माशांचीही वाट तीच. हावड्याहून नदीतलं मत्स्यबीज गाडीने देशभर जात असे. १९५७ मध्ये ओडिशात हिरालाल चौधरी आणि अलिकुन्ही यांनी संप्रेरक टोचून गंगेतल्या अशा जातींची पैदास नदीबाहेर करून दाखवली, त्यानंतर तळ्यांत रोहू-कतला सोडणं सरसकट झालं. गळकऱ्याला ज्या माशांची भाषा शिकावी लागली ते मासे अशा रीतीने रेल्वेने आणि इंजेक्शनने तळ्यात आले.

खबर द्यायला आता विजेवर वाजणारे गजरही निघालेत. रिचर्ड वॉकर या इंग्रज इंजिनिअरने १९५० च्या दशकात असा गजर तयार केला. १९५२ मध्ये त्याने ४४ पौंडांचा कार्प ओढून तिकडचा विक्रम केला होता. दोरा हलला की गजर वाजतो, मग फ्लोटकडे बघायची गरज नाही, झोपलात तरी चालेल. रात्रीसाठी टोकाला दिवा लागणारे चिनी फ्लोट तर आता मोबाइलवरून मागवता येतात.

या सगळ्यात सगळ्यात वाईट फ्लोट कोणता, तर थर्माकोलचा, आणि सगळ्यात जास्त तोच दिसतो. झिजल्या चपलेचा तुकडा त्याहून बरा. २०१८ मध्ये महाराष्ट्राने थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आणली, तरी टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातून तो येतच असतो, आणि तुटला की तळ्यातच राहतो. पण पर्यावरणाचं सोडून निव्वळ गळकऱ्याच्या नजरेने पाहिलं तरी तो वाईट, कारण तो फार तरंगतो. लिंबाएवढा तुकडा बांधला तर त्याला बुडवायला माशाला जोर लावावा लागतो. रोहूला तो जोर ओठाला जाणवतो आणि तो गोळा थुंकून निघून जातो. थर्माकोलच वापरायचा असेल तर चाकू घ्या आणि बर्नर्सबाईंच्या हिशेबाने वाटाण्यापर्यंत कापत या.