तांबडा उजेड कोणाला पोसतो?

१९६७ साली बुडापेस्टचे शल्यविशारद एंद्रे मेश्टर लेसरचा कर्करोगाशी संबंध तपासत होते. हाती आले भलतेच: भादरलेल्या उंदरांच्या पाठीवर केस भराभर उगवले! त्यातून जखमांवर मंद लेसर टाकण्याचे उपचार निघाले. पण जखमेत जंतूही असतात, त्यांचे काय? सोव्हिएत संशोधक टीना कारू यांनी १९८०च्या दशकात तांबडा लेसर ई. कोलाय जिवाणूंवर सोडला. जिवाणूंची वाढही जोमाने झाली. गंमत अशी, की लेसर नसलेल्या साध्या तांबड्या उजेडानेही तेच घडले. करामत लेसरची नव्हतीच. रंगाची आणि मात्रेची होती. नाव मात्र लेसरचेच झाले. शिवाय जो उजेड पेशीला चेतवतो, तोच जंतूलाही चेतवू शकतो. ही बाजू उपचारांच्या कौतुकात फारशी पुढे आली नाही.