डाव्या बाजूचा आरसा

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

'टेम्पो' हा शब्द मराठीत कुठून आला, असे विचारले तर भाषेचा अभ्यासक कदाचित कोश उघडेल. आकुर्डीच्या चाळीतला कोणीही जुना कामगार मात्र बसल्या जागी उत्तर देईल. १९५८ साली नवलमल फिरोदिया यांनी बजाज टेम्पो ही कंपनी काढली ती जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या विडाल कंपनीच्या सहकार्याने, आणि 'टेम्पो' हे त्या जर्मन गाड्यांचे नाव. आधी तीन चाकांची हॅन्सिएट आली, १९६९ साली मॅटाडोर आली. २००५ साली कंपनीने स्वतःचे नाव बदलून फोर्स मोटर्स केले, पण तोवर शब्द मराठीत मुरला होता. आता गाडी कोणत्याही कारखान्याची असो, कडब्याचा टेम्पो, मांडववाल्याचा टेम्पो, दिंडीचा टेम्पो. आमच्या देहूत तर ज्येष्ठ महिना लागला की हा शब्द दिवसातून शंभरदा कानावर पडतो.

या टेम्पोच्या एका अवयवाविषयी मला बोलायचे आहे. इंजिन नव्हे, चाक नव्हे; आरसा. देहू, तळवडे, चिखली, भोसरी या पट्ट्यातल्या गॅरेजांत एक काम वारंवार दिसते. पंधरा-वीस वर्षांची जुनी पिकअप येते, तिचे मूळचे लहान आरसे उतरवले जातात आणि त्यांच्या जागी नव्या, मोठ्या, बाहेर सरकलेल्या आरशांची जोडी बसते. अमेरिकेत हेच काम ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपवर करतात. तिथे मागचा ट्रेलर गाडीहून रुंद असतो, म्हणून आरसा त्याच्याही बाहेर डोकवायला हवा. कॅलिफोर्नियाचा कायदा तर मागचा २०० फूट रस्ता दिसला पाहिजे असे सांगतो. आपल्याकडे ट्रेलर क्वचित. आपल्याकडे रुंद असतो तो हौदा. पण अडचण तीच, आणि तिचा इतिहास मोठा मजेदार आहे.

'आरसा' हा शब्द संस्कृत 'आदर्श'वरून आला. आदर्श म्हणजे मुळात ज्यात पाहायचे तो. पुढे आदर्श फोटोत जाऊन बसले आणि आरसा न्हाव्याच्या दुकानात राहिला. मोटारीवर तो बराच उशिरा चढला. १९०९ साली लंडनमध्ये डोरोथी लेव्हिट या मोटार चालवणाऱ्या बाईंचे एक पुस्तक निघाले. बायकांनी गाडी चालवताना हातात एक छोटा आरसा ठेवावा आणि अधूनमधून तो उंच धरून मागची रहदारी पाहावी, अशी सूचना त्यात आहे. मोटारी बनवणाऱ्यांना जे सुचले नव्हते ते पर्समधल्या वस्तूने सुचवले.

दोनच वर्षांनी, ३० मे १९११ रोजी, अमेरिकेत इंडियानापोलिसला ५०० मैलांची शर्यत झाली. त्या काळी शर्यतीच्या गाडीत चालकाशेजारी एक मेकॅनिक बसे. तेलाकडे लक्ष ठेवणे आणि मागून कोण येतो ते चालकाला सांगणे हे त्याचे काम. रे हॅरून नावाच्या चालकाने एकट्याने बसायची गाडी आणली. बाकीच्यांनी हरकत घेतली: मेकॅनिक नाही तर मागचे पाहणार कोण? हॅरूनने उत्तर म्हणून गाडीवर एक आरसा बसवला, आणि ताशी सुमारे १२० किलोमीटरच्या सरासरी वेगाने शर्यत जिंकली. पुढे त्यानेच सांगितले, की विटांच्या त्या धावपट्टीवर आरसा इतका थरथरत होता की त्यात काही दिसतच नव्हते!

माझ्या मते मोटारीच्या आरशाचा सगळा इतिहास या एका गोष्टीत आहे. आरसा आला तो शेजारच्या माणसाची जागा घ्यायला. आणि तो आला एवढ्याने भागत नाही, तो स्थिर राहायला हवा.

आपल्याकडे शेजारच्या त्या माणसाचे नाव क्लीनर. गावाकडच्या बोलीत त्याचा 'किन्नर' झाला. चौदा-पंधरा वर्षांचे पोर, फडके खांद्यावर, डाव्या दारात लोंबकळणारे. गाडी मागे घेताना 'येऊ द्या, येऊ द्या' ही त्याची आरोळी आणि पत्र्यावर दोन थापा म्हणजे 'बस, थांबा'. चालकाने उजवीकडचे पाहायचे, डावी बाजू पोराची. आमचे चाचा मॅटाडोर चालवायचे. पुण्याच्या मंडईत माल उतरवून परत येईपर्यंत डावीकडे मान वळवायची वेळ त्यांच्यावर येत नसे, असे ते अभिमानाने सांगत. अशा गाडीला डावा आरसा नसला तरी कोणाचे अडत नसे. असलाच तर चालक त्यात भांग पाडी. आणि मागच्याने काय करायचे, तर हॉर्न वाजवायचा. तशी विनंती फाळक्यावर रंगवलेलीच असे. म्हणजे आपण मागचे पाहण्याचे काम डोळ्यांकडून काढून कानांकडे दिले होते. 'हॉर्न ओके प्लीज' हे शब्द व्यापारी वाहनांवर लिहायला महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ साली मनाई केली, तेव्हा अनेकांना त्यात लोककला बुडाल्याचे दुःख झाले. मला ते फारसे झाले नाही.

मग हे पोर गेले कुठे? मालकाच्या हिशेबात गेले. १९८६ साली टेल्कोची ४०७ आली, १९८८ साली पिंपरीच्याच कारखान्यातून टाटामोबाइल २०६ ही पिकअप बाहेर पडली, पुढे २०७ आली. २००५ साली टाटा एस आली आणि लोकांनी तिचे नाव 'छोटा हाथी' ठेवले. गाडी लहान होत गेली तशी ती एका माणसाची झाली. भाजीवाला, मांडववाला, गॅस सिलिंडर पोचवणारा असा स्वतःच मालक आणि स्वतःच चालक असलेला नवा वर्ग या गाड्यांनी उभा केला. त्याला क्लीनरचा पगार परवडणारा नव्हता. पोरे दारात लोंबकळायची थांबली हे फार चांगले झाले, त्याबद्दल दुमत नको. पण डावी बाजू रिकामी राहिली, तिचे काय?

इथे बॉडी बांधणारा कारागीर कथेत येतो. अनेक मालवाहू गाड्या कारखान्यातून नुसत्या केबिन आणि चेसिस अशा निघतात. हौदा बाहेर, सुताराच्या आणि वेल्डरच्या हातून बांधला जातो. गिऱ्हाईक म्हणते, 'उस्ताद, चार बोटं वाढवा.' दोन्ही बाजूंनी चार-चार बोटे वाढली की हौदा केबिनच्या बाहेर येतो. वर कडबा किंवा मांडवाचे बांबू चढले की तो आणखी फुगतो. आरसा मात्र होता तिथेच, केबिनच्या मापाचा. त्यात पाहिले की आपल्याच हौद्याची फळी दिसते, रस्ता नाही. ज्या बाजूला माणूस उरला नाही त्याच बाजूला आरसाही आंधळा झाला. नवे आरसे बसवायची गरज पडली ती या दुहेरी कारणाने.

बरे, हे काम दिसते तितके सोपे नाही. जुन्या गाडीचा आरसा लोखंडी दांडीवर क्लॅम्पने आवळलेला असतो. दांडी दाराच्या बिजागरीपाशी किंवा केबिनच्या खांबाला धरलेली. नव्या आरशाचे बूड प्लॅस्टिकचे, तिकोनी, दाराच्या वरच्या कोपऱ्यात बसणारे. भोके जुळत नाहीत. घाईचा फिटर सरळ दाराच्या पत्र्याला नवी भोके पाडतो आणि बोल्ट आवळून मोकळा होतो. आरसा मोठा, वजनाला जड, त्यात वाऱ्याचा दाब. पत्रा महिन्याभरात भोकापासून चिरत जातो आणि आरसा थरथरू लागतो. हॅरूनची तक्रार शंभर वर्षांनी तळवड्याच्या खड्ड्यांत पुन्हा ऐकू येते. जाणता फिटर आधी दाराचे आतले अस्तर काढतो आणि पत्र्याच्या मागे लोखंडी पट्टी देतो, म्हणजे भार तीन बोल्टांवर न राहता सगळ्या कोपऱ्यावर पसरतो. पट्टीखाली रबर घालतो. काच पूर्ण खाली-वर होते ना, दार उघडताना आरसा खांबाला धडकत नाही ना, हे पाहतो आणि मगच वायरीला हात लावतो.

वायरीतही एक गंमत आहे. नव्या आरशात वळण दाखवणारा दिवा असतो. मोठ्या ट्रकची वीज २४ व्होल्टची, पिकअपची १२ व्होल्टची. नाना पेठेतून ट्रकचा आरसा स्वस्तात मिळाला म्हणून आणला, तर त्याचा दिवा पिकअपवर काजव्यासारखा मिणमिणतो. दिवा नसलेला बरा, कारण मिणमिणत्या दिव्यावर चालकाचा विश्वास बसलेला असतो आणि मागच्याला तो दिसत नाही.

आणि काच. सपाट काच खरे अंतर दाखवते, पण थोडाच रस्ता दाखवते. फुगीर काच पुष्कळ दाखवते, पण सगळे लहान करून. लहान दिसले की मन त्याला दूर समजते. सायकलवाला आरशात वाटतो त्याहून जवळ असतो. आयुष्यभर सपाट काच पाहिलेल्या चालकाच्या गाडीला फुगीर आरसा लावला, तर पहिले काही दिवस त्याने सावकाश जावे हे उत्तम. जाणते लोक दोन्ही लावतात: वर सपाट, खाली छोटी फुगीर. आरसा फार मोठाही नको. भला थोरला आरसा मागचे दाखवतो आणि पुढच्या कोपऱ्यातला, वळणावरचा माणूस झाकतो.

सरकारनेही या वस्तूचे महत्त्व ओळखले, जरा सावकाश. पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे. वाहन उद्योगाची भारतीय मानके, म्हणजे एआयएस, तिथून प्रसिद्ध होतात. या मालिकेतला पहिला क्रमांक, ००१, कशाचा असेल? ब्रेकचा नाही, दिव्याचा नाही. मागचे दाखवणाऱ्या आरशाचा. तो आरसा गाडीवर कसा बसवायचा, याचा क्रमांक ००२. क्रमांक काही महत्त्वाच्या क्रमाने लावत नसतील, पण कवी माणसाला असा योगायोग सोडवत नाही. मानके आली ती नव्या गाड्यांसाठी. आधीच रस्त्यावर असलेल्या गाडीचा आरसा फिटरच्या हाती राहिला.

डाव्या बाजूचा एवढा आग्रह का? आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, आणि गाडीच्याही डावीकडे असतो तो सायकलवाला आणि पायी चालणारा. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांच्या पाळ्या सुटल्या की कडेने सायकली निघत. आता त्यांची जागा दुचाकींनी घेतली आहे. देहू-आळंदी रस्त्यावर आषाढी-कार्तिकीला टाळकरी चालतात. आमच्या गावची पालखी निघाली की पहिली आरती अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी होते. पुढे आकुर्डीपर्यंत हजारो पावले आणि दिंड्यांचे सामान वाहणारे टेम्पो यांचा रस्ता पुष्कळदा एकच. नोव्हेंबर २०२१ मध्ये जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर मावळातल्या साते गावाजवळ आळंदीला निघालेल्या दिंडीत एक पिकअप मागून शिरली, वारकरी महिला दगावल्या. तो अपघात आरशाचा नव्हता, गाडी समोरून पाहत होती आणि तरीही घुसली. पण पायी माणूस आणि पिकअप यांच्यात किती थोडी जागा उरली आहे, ते त्या दिवशी कळले. वळताना, थांबताना, मागे घेताना ती जागा फक्त डाव्या आरशातून दिसते.

मोटार वाहन नियमांत एक तपशील आहे. गाडीची एकूण रुंदी किती असावी याला मर्यादा आहे, पण ती मोजताना मागचे दाखवणारा आरसा धरत नाहीत. वाढवलेला हौदा रुंदीत धरला जातो, आरसा नाही. आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्याला चाप लावला, तो नोंदणीत लिहिलेल्या कारखान्याच्या तपशिलाला धरून. म्हणजे चार बोटे वाढवणारा हौदा अडचणीत आहे, चार बोटे बाहेर गेलेला आरसा नाही. उलटा व्यवहार आपण किती वर्षे करत होतो पाहा!

कायदा मोजत नसला तरी देहूची गल्ली मोजते. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यात दोन टेम्पो समोरासमोर आले की नव्या आरशांचे कान एकमेकांना लागतात. म्हणून आरसा घेताना दांडी दुमडणारी घ्यावी, आणि दुमडल्यावर परत जागच्या जागी येऊन थांबणारी, खाचेची. साध्या दांडीचा आरसा एकदा दुमडला की मूळ कोन हरवतो. कोन पुन्हा लावायला दोन माणसे लागतात: एक आत बसून पाहणारा, दुसरा हौद्याच्या मागच्या डाव्या कोपऱ्यापाशी उभा राहून हात हलवणारा. त्याचा हात आरशात दिसला, कडेला आपल्या फळीची बारीक रेघ दिसली आणि उरलेल्या काचेत रस्ता दिसला, की आतला पत्र्यावर दोन थापा मारतो.