न्यास, राहते घर आणि वार्धक्यातील शुश्रूषेचा खर्च

इंग्लंडमध्ये राहते घर न्यासाच्या स्वाधीन करून ते वार्धक्यातील शुश्रूषेच्या खर्चापासून वाचविण्याचा जो प्रघात पडला आहे, त्याची संभावना बहुधा कायद्याला दिलेली आधुनिक हुलकावणी अशी केली जाते. हे मत अपुरे आहे. या प्रघातात दोन स्वतंत्र इतिहास एकत्र आले आहेत.

पहिला इतिहास न्यासाचा. मध्ययुगात जमीनधारकाच्या मृत्यूनंतर वारसाला सरंजामी देणी द्यावी लागत. वारस अज्ञान असल्यास जमिनीचा ताबा वरिष्ठाकडे जाई. हे टाळण्यासाठी जमीन विश्वासू मित्रांच्या नावे केली जाई व उपभोग कुटुंबाकडे राही. मालकी एकाची, लाभ दुसऱ्याचा, या विभागणीतूनच न्यासाची कल्पना विकसित झाली. राजाचे उत्पन्न बुडू लागल्यामुळे आठव्या हेन्रीने १५३६ साली कायद्याने लाभधारकालाच मालक ठरविले. तथापि सतराव्या शतकात न्यायालयांनीच न्यासाला पुन्हा वाट करून दिली.

दुसरा इतिहास दारिद्र्यनिवारणाचा. १६०१ च्या कायद्याने निराधार वृद्धाच्या पोषणाचा भार प्रथम आप्तांवर व त्यानंतर गावावर टाकला. १९४८ साली ही व्यवस्था रद्द झाली. परंतु त्याच वेळी एक महत्त्वाची सीमारेषा आखली गेली. रोग्यावरील उपचार विनामूल्य झाले. वृद्धाच्या निवासी शुश्रूषेचा खर्च मात्र त्याच्या ऐपतीनुसार वसूल करावयाचा, असे ठरले. १९८० नंतर नगरपालिकांची घरे भाडेकरूंना विकत मिळू लागली आणि सामान्य श्रमिकही घरमालक झाले. परिणामी त्या सीमारेषेची झळ अशा कुटुंबांना लागू लागली की ज्यांची घराखेरीज दुसरी मालमत्ता नव्हती. २०१० साली सरकारी साहाय्यासाठी मालमत्तेची कमाल मर्यादा २३,२५० पौंड ठरली. बहुतेक घरांची किंमत तिच्या कितीतरी पट होती.

यावर कायद्याचे उत्तर १५३६ पेक्षा वेगळे आहे. तो आता दस्तऐवजाच्या रूपापेक्षा करणाऱ्याचा हेतू पाहतो. खर्च चुकविण्याच्या उद्देशाने घर दिले असल्यास ते अद्याप त्याचेच आहे, असे धरून आकारणी होते. सहा महिने उलटले की धोका टळला, हा समज चुकीचा आहे. २०१५ पर्यंत ती मुदत केवळ घर घेणाऱ्याकडून वसुली करण्यापुरती होती. याउलट, पतिपत्नींपैकी प्रथम मरणाऱ्याने आपला अर्धा हिस्सा मृत्युपत्राने मुलांसाठी न्यासात ठेवल्यास, मागे राहिलेल्याने तो हिस्सा दिला असे म्हणता येत नाही. कारण तो त्याचा कधी नव्हताच.

अशा रीतीने संरक्षण गरजेवर नव्हे, तर वेळेवर मिळालेल्या सल्ल्यावर अवलंबून राहते, आणि चुकविलेला भार अखेर करदात्यांवर पडतो. त्यांत घर नसलेलेही असतात. २०११ साली डिल्नॉट आयोगाने प्रत्येकाच्या आजन्म खर्चाला कमाल मर्यादा सुचविली; २०१४ च्या कायद्यात तिला स्थानही मिळाले; परंतु वारंवार लांबणीवर पडून २०२४ मध्ये ती योजना सोडून देण्यात आली. तेव्हा न्यासाला दोष देण्यापूर्वी, आजार आणि जराजर्जरता यांत १९४८ साली केलेला भेद कितपत न्याय्य होता, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने प्रथम विचारणे इष्ट होय.