अत्तर कुणाचं?

गेवराईच्या बाजारातून पोरं हल्ली सेंटची बाटली आणतात. वर लिहिलेलं असतं, 'पुरुषांसाठी'. फवारा मारला की आधी सफरचंद, लिंबू, अननसाचा वास येतो. पंधरा-वीस मिनिटांत तो विरतो. संध्याकाळी शर्ट धुवायला घेतला तर कॉलरला लाकडाचा वास राहिलेला असतो. बाटली एकच, मग वास दोन कसे?

अंगाच्या उबेने आधी स्पिरिट उडतं, त्यामागून फळांचे हलके वास. लाकडाचा वास जड, तो सावकाश उडतो. कोरड्या कातडीवर सगळंच लवकर जातं, तेलकट कातडीवर टिकतं. आपल्या जुन्या अत्तरवाल्यांनी हे ओळखलं होतं. तांब्याच्या डेगीत फुलं आणि पाणी उकळायचं, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात न्यायची आणि भपक्यात आधीच चंदनाचं तेल घालून ठेवायचं. फुलाचा वास उडू पाहतो, चंदन त्याला धरून ठेवतं. आता चंदन इतकं महाग झालंय की स्वस्त अत्तरात दुसरंच तेल असतं. म्हणून जत्रेतला फाया घरी येईपर्यंत फिका पडतो.

आता त्या 'पुरुषांसाठी'कडे येऊ. आपला हा मुलूख एके काळी कल्याणीच्या चालुक्यांचा. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातलं. तिथला राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर बाराव्या शतकातला 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ आहे. राजाने अंगाला काय उटी लावावी, याचं त्यात वेगळं प्रकरणच आहे. चंदन, केशर, कस्तुरी, कापूर. आणि उटी ठरायची ऋतूवरून. तेच चंदन आणि तेच केशर राणीच्याही अंगाला. 'गंधवाद' नावाच्या सुगंधशास्त्राच्या जुन्या पोथीवर तर मराठीत टीका आहे. पुण्याचे अभ्यासक प. कृ. गोडे यांनी ती उजेडात आणली आणि १९८९ मध्ये बडोद्याहून ती छापली गेली. सुगंध कसा करायचा हे मराठीत लिहून ठेवणारे लोक होते, हे आपल्याला शाळेत कुणी सांगितलं नाही.

पुरुषांचा वास वेगळा, ही वाटणी युरोपातल्या दुकानदारीची. १८८२ मध्ये पॅरिसच्या हुबिगां कंपनीने 'फुजेर रॉयाल' काढलं. कारखान्यात बनवलेला सुगंधी पदार्थ त्यात होता. आजच्या पुरुषी सेंटांची सुरुवात बहुतेक जण तिथूनच धरतात. फळांचे वासही तसेच, रसायनातून केलेले. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात असे बनावट फळांचे अर्क मांडले होते. पोराच्या बाटलीतलं सफरचंद झाडावरचं नव्हे.

आपल्याकडे अत्तराची वाटणी होती, पण ती निराळी. दरबार उठताना अत्तर-गुलाब आणि विडा द्यायचे. तिथे विधुर सरदार बसलेला असला तरी, तुमची बायको आहे का, असं त्याला कुणी विचारत नव्हतं. हळदीकुंकवात मात्र गुलाबदाणी सवाष्णींपुढून फिरते आणि नवरा गेलेली आतल्या खोलीत वाटाणे सोलत बसते. चंदन, फुलं, अत्तर, सगळं एका दिवसात तिचं बंद. हे मला त्या बाटलीवरच्या अक्षरांपेक्षा जास्त टोचतं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनेही सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करण्याचं आवाहन केलं. आपल्या तलवाड्यात त्वरितादेवीपुढे गंध उगाळतात, तेही चंदनच.

संक्रांतीला अत्तर आणाल तेव्हा दुकानात लगेच नाक लावून ठरवू नका. मनगटावर थेंब लावा, घासू नका, बाकीचा बाजार करा आणि तासाभराने हुंगा. तेव्हा जे उरेल, ते खरं अत्तर. कुपी घ्यायची ती गटातल्या सगळ्याजणींना पुरेल एवढी, आतल्या खोलीतलीला धरून.