‘तू’ हरवलेली भाषा

इंग्रजीच्या पहिल्याच वर्षी मास्तरांनी सांगितले, “‘यू’ म्हणजे तू, आणि ‘यू’ म्हणजेच तुम्ही!” मला इंग्रजांच्या मुलांचा मोठा हेवा वाटला. आमच्या घरी आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’. चुकून उलट झाले तर धडगत नसे.

पुढे वाचनात आले, की ती मुलेही पूर्वी सुटलेली नव्हती. जुन्या इंग्रजीत एकाला ‘दाऊ’ आणि अनेकांना ‘यी’ म्हणत. ‘यू’ हे त्या ‘यी’चेच कर्माच्या जागी येणारे रूप. तेराव्या शतकापासून, फ्रेंचांच्या वळणाने, थोर माणसाला तो एकटा असला तरी अनेकवचन लावण्याची रीत पडत गेली. ‘दाऊ’ उरले मुलाबाळांना, नोकरांना, जिवलगांना आणि देवाला. अपमानालाही तेच कामी येई. १६०३ साली सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक याने त्याला भर न्यायालयात मुद्दाम ‘दाऊ’ म्हणून हिणवले.

हा भेद क्वेकर पंथाला मानवला नाही. देवापुढे सारे सारखे, मग एकट्याला अनेकवचन ही निव्वळ खुशामत, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा पुढारी जॉर्ज फॉक्स याने १६६० साली दोघा सहकाऱ्यांसह अनेक भाषांचे दाखले देणारे व्याकरणाचे पुस्तकच काढले. त्याच सुमारास थॉमस एलवुड नावाचा तरुण क्वेकर झाला आणि बापाला ‘दाऊ’ म्हणाला. बापाने गुद्दे घातले आणि पुन्हा म्हणशील तर दात घशात घालीन, असा दम भरला! हे त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. पुढे १६६२ साली हाच एलवुड अंध मिल्टनला ग्रंथ वाचून दाखवू लागला.

शेवटी समता आली, पण दुसऱ्याच दाराने. कोणाचा मान चुकायला नको म्हणून जो तो सर्वांनाच ‘यू’ म्हणू लागला. अठराव्या शतकात ‘दाऊ’ शिष्ट बोलण्यातून गेले. उरले ते काही प्रादेशिक बोलींत, काव्यात आणि प्रार्थनेत. १६११ च्या बायबलातले ‘दाऊ’ आजच्या इंग्रजाला भारदस्त वाटते. वास्तविक ते आपण विठोबाला म्हणतो तेच ‘तू’!

मान सर्वांना मिळाला, जवळीक सांगणारा शब्द मात्र गेला. तेव्हापासून मला त्या मुलांचा हेवा वाटत नाही.

वडिलांना मी अखेरपर्यंत ‘तुम्ही’च म्हणालो. त्यांच्याजवळ बसून मनातले बोलायचे राहूनच गेले. परवा नात म्हणाली, “आजोबा, तू फराळाला चल ना!” सूनबाई तिला दटावू लागल्या. मी म्हटले, “राहू द्या. हा शब्द फार मोलाचा आहे.”